बाबांचं पुस्तक नव्या फायलीत नेताना

बाबांची जुनी कॉम्प्युटर मशीन बंद पडली तेव्हा मी स्पष्ट म्हणाले होते की, त्यांचं आत्मचरित्रही तिच्याबरोबर गेलं असेल तर सुटलो. आई म्हणाली, असं बोलू नये. पण मेलं नव्हतंच काही. भिलाईतल्या पॉवर हाउस भागातल्या बाजारात एका मिस्त्रीनं हार्ड डिस्क काढून दिली आणि त्यात बाबांच्या वर्डच्या सगळ्या फायली जशाच्या तशा सापडल्या. एकेका प्रकरणाची एकेक फाइल.

मी रिसालीत एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. त्याच सुमारास आमच्याकडे वरून हुकूम आला होता की विकतचं सॉफ्टवेअर बंद, सगळ्या फायली ओडीटीमध्ये बदला. ओडीटी म्हणजे खुल्या फॉरमॅटची फाइल, कोणाच्या बापाची मालकी नाही, कोणत्याही मशीनवर फुकटात उघडते. दिवसभर ऑफिसात तेच करून मी घरी येऊन कावायचे. बाबांनी ऐकलं आणि लगेच फर्मान सोडलं, "माह्यं पुस्तकबी तसं करून दे. मी गेल्यावरबी कोणालेबी खोलता आलं पाह्यजे." विचारणं वगैरे भानगड नाही. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात ते शिफ्टच चालवायचे.

मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. फाइल उघडायची, 'सेव्ह ॲज' करायचं, झालं. कसचं काय! बाबांनी ते सगळं एका बोटानं, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टांची गंमत अशी की आत असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त वरून मराठी चेहरा लावतो. फॉन्ट नसला की चेहरा गेला. माझ्या लॅपटॉपवर बाबांच्या अख्ख्या आयुष्याचा इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा चिवडा झाला. कन्व्हर्टर लावल्यावर मराठी परत आलं, पण रफार शेजारच्या अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, मधेच एखादा शब्द गायब. म्हणजे ओळ न् ओळ छापील प्रतीशी ताडून पाहायची. अशी एकच प्रत होती, बाबांनी तेव्हा स्पायरल बाइंडिंग करून घेतलेली.

आणि बाबांना दिसत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टरनं थेंब टाकायला सांगितले होते, तर म्हणे माझे डोळे भट्टीच्या आगीत शेकले आहेत, त्यांना काय होते. आता समोर खिडकी आहे की भिंत, एवढंच कळायचं.

"एका जणानं कागद वाचायचा, मी पडद्यावर दुरुस्त करीन," मी म्हटलं. "एकटीच्यानं होणार नाही."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मी वाचीन."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "तू? चौथी नापास! तुले सही येते फक्त, अन् थेबी तिरपी येते. इस्त्रीवालीले बोलाव त्यापेक्षा, थे बरी वाचंल."

 आईला वाचता येत होतं. दर रविवारी विहारात पुस्तकात बघून वंदना म्हणायची, घरी पेपर वाचायची, बोट ठेवून, सावकाश. लिहायची सवय मात्र नव्हती. तिनं चष्मा आणला, प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि बसली. मला आश्चर्य वाटलं, कारण बाबांच्या कोणत्याही कामात आपणहून पडेल अशी ती नाहीच. मग भांडी घासताना तिनं मला हळूच विचारलं, "माह्यं कुठं येते वो त्याच्यात?"

"येईल की," मी म्हटलं.

"लग्नाच्या साली तं येईनच," ती म्हणाली, आणि लाजली. सत्तरीची बाई, कढईच्या बुडाकडे बघून लाजली. तिला त्या पुस्तकात स्वतःला शोधायचं होतं, बाकी काही नाही.

मग रोज मी कॉलेजातून आल्यावर आमची बैठक बसायची. बाबा दिवाणावर, हनुवटी वर करून. आई खुर्चीत, मांडीवर ते स्पायरलचं बाड. मी टेबलापाशी. बाबांची लिहायची भाषा म्हणजे एकदम कडक इस्त्रीची. घरात "काऊन बे" करणारा माणूस कागदावर दर दोन परिच्छेदांनी "येथे नमूद करणे आवश्यक आहे की" असं सुरू व्हायचा. विदर्भातल्या गावातून भिलाईला आले, ते नमूद. पहिली सायकल घेतली, ते दोन पानं भरून नमूद, तिच्या घंटीचा आवाजसुद्धा. कोणत्या चार्जमनला, म्हणजे शिफ्टवरच्या साहेबाला, कसा गप्प केला, ते तर विचारूच नका.

आई अडखळली की बाबा तिथूनच हाणायचे. "अवो, गाडी पंक्चर झाली का तुही? चाल पुढं." किंवा, "'संगर्श' नाही, 'संघर्ष'. जिंदगी गेली पण जीभ नाही सुधरली." कोणी भेटायला आलं असलं तर जरा जास्तच. त्यांच्यासमोर म्हणायचे, "आमचा रेडिओ आहे हा, सेल डाऊन असलेला." पाहुणे हसायचे. आईही थोडंसं हसायची. तेच मला सहन व्हायचं नाही.

'स्त्री-शिक्षण : माझे विचार' असं एक अख्खं प्रकरण होतं. विहारात दरवर्षी ते यावरच भाषण करायचे, टाळ्या पडायच्या. ते आईकडून वाचून घेताना म्हणाले, "इथं जोर देऊन वाच. 'स्त्री ही पुरुषाची गुलाम नाही.' पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. "आता च्या टाक," बाबा म्हणाले. गंमत म्हणून नाही, खरंच तहान लागली होती त्यांना. आई उठून चहा टाकायला गेली.

मग लग्नाचं साल आलं. आईनं चष्मा पुसला, जरा सरळ बसली आणि वाचू लागली : "'त्या वर्षी मे महिन्यात तीन दिवसांची रजा घेऊन गावी गेलो. परतल्यावर मला दुपारच्या बी शिफ्टला टाकण्यात आले. हा माझ्यावर उघड अन्याय होता.'" पुढे तो अन्याय पानभर होता. आईनं तो पूर्ण वाचला. पान संपल्यावर ती मागे गेली, बोट पुन्हा वरच्या ओळीवर ठेवलं.

"हे तीन दिवस म्हंजे माह्यं लगन आहे ना?"

"हो. मंग?"

"मले वाटलं, काई असंन पुढं."

"काय लिहू तुह्याबद्दल?" बाबा म्हणाले. आवाज चढवलाही नाही, खरोखर विचारलं. "भाकरी केल्या लिहू? भांडे घासले लिहू? पुस्तक आहे थे. राशन कार्ड नाही, का घरातले सगळे नावं पाह्यजे."

माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप धाडकन बंद केला आणि म्हटलं, आग लागो या पुस्तकाला, मी एक अक्षर करणार नाही. रागाच्या बाबतीत मी बाबांवरच गेले आहे, सगळे म्हणतात. खरं आहे. बाबा नुसते म्हणाले, "पाह्य, कशी फणफणते!" आणि आई मला म्हणाली, "बस खाली. खोल थे फाइल. अजून मले पाह्यचं आहे."

काय पाह्यचं होतं, ते मला कळलं होतं. लग्नाच्या साली ती सापडली नाही, तर आता ती निलंबनाच्या सालाची वाट बघत होती.

ते साल असं. बाबांनी एका फोरमनच्या कानाखाली वाजवली होती आणि त्यांना सस्पेंड केलं होतं. चौकशी खूप लांबली. बाबा घरात बसून अर्ज लिहायचे, आणि आई खुर्सीपार वस्तीतल्या एका ठेकेदाराकडे रेजा म्हणून जायची. रेजा म्हणजे बांधकामावरची बाईमजूर. मी शाळेत जाण्याएवढीही नव्हते, मला शेजारच्या तेलुगू काकूंकडे ठेवायची. डोक्यावरून विटा, गिट्टी वाहून आईच्या टाळूवरचे केस गेले, ते परत आलेच नाहीत. अजूनही ती बाहेर निघाली की पदर डोक्यावर घेते आणि लोकांना वाटतं, किती मर्यादेची बाई! बाबा पुन्हा कामावर गेले आणि त्या दिवसांबद्दल आमच्या घरात कोणी कधी तोंडातून ब्र काढला नाही.

ते पान आलं त्या दिवशी कूलर बंद होता, वीज गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर. आईचा आवाज एरवीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होता. फोरमनला दिलेली थप्पड झाली, आरोपपत्र झालं, बाबांनी दिलेलं बाणेदार उत्तर झालं. मग : "'निलंबनाच्या त्या काळात मित्रांच्या सहकार्याने व काटकसरीने घर चालले.'"

पूर्णविराम. पडद्यावरही तेवढंच होतं. पुढचा परिच्छेद नवीन चौकशी अधिकाऱ्याचा.

मला वाटलं, ती आता थांबेल, विचारेल. ती थांबली नाही. त्याच चालीत, त्याच अडखळत्या आवाजात वाचत राहिली :

"'येथे नमूद करणे आवश्यक आहे की, मित्र दोनदा आले व चहा पिऊन गेले. घर माझ्या पत्नीने चालवले.'"

मी पडद्यावर ओळ शोधली. नव्हती. वर पाहिलं. आईचं बोट त्या पूर्णविरामावरच होतं, हललं नव्हतं. ती कागदाकडे बघतच नव्हती. चष्म्याच्या वरून बाबांकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उचलल्या. मी टाइप करायला लागले.

"'ती ठेकेदाराकडे रेजा म्हणून जात होती. पहिल्या आठवड्याची मजुरी तिने आणून माझ्या हातात दिली, तेव्हा मी तिला पट्ट्याने मारले, कारण शेजाऱ्यांनी तिला घमेले वाहताना पाहिले होते व माझी इज्जत गेली होती. त्यानंतर त्याच पैशाचे मटण आणताना मला कोणताही संकोच वाटला नाही.'"

रेजाचं मला माहीत होतं. पट्ट्याचं माहीत नव्हतं. मटण मात्र मला लख्ख आठवत होतं. बाबांनी पिशवीतून आणलेलं, आईनं रांधलेलं, मी बोटं चाटून खाल्लेलं. लहानपणचं सगळ्यात चांगलं जेवण कोणतं, असं कोणी विचारलं की मी तेच सांगायचे. माझी बोटं कीबोर्डवर थांबली. आईनं तेवढ्यापुरतं थांबून घेतलं, जशी ती नेहमी माझी दुरुस्ती होईपर्यंत थांबायची.

बाबा उठून बसले होते. "काय वाचून राहिली तू?"

"जे आहे थे."

"मी नाही लिहिलं हे."

"मंग कोणं लिहिलं?" आई म्हणाली. "मले कुठं लिहिता येते?"

  बाबांच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसायचंही सुचलं नाही. मला दया आली का? नाही आली. मी त्यांच्याकडे नीट, पोटभर पाहून घेतलं. त्यांना कुठे कळणार होतं?

त्यांनी हात पुढे केला. "आण इकडं थे कागद."

आईनं ताबडतोब ते बाड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पानावर हात फिरवला, वरून खाली, मग पुन्हा. पान डोळ्याला लावलं, खिडकीकडे धरलं.  मग त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली, पण मी बसले होते त्याच्या जरा बाजूलाच.

"तू सांग. तू खोटं नाही बोलत. लिहिलेलं आहे का थे?"

पडद्यावर सगळं होतं, बाबांच्या परिच्छेदांच्या मधोमध, त्यांच्याच साइझमध्ये, त्यांच्याच भाषेत. मी सेव्ह केलं.

"आहे, बाबा."

 बाहेर शेजाऱ्यांचा जनरेटर सुरू झाला. बाबांनी ते बाड स्वतःच बंद केलं, चाचपडत कडा सारख्या केल्या आणि आईच्या दिशेनं धरलं. आवाज एवढा खाली आला होता की मला तो ओळखू आला नाही.

"अजून काय काय लिहिलं आहे मी?"

आईनं बाड घेतलं. चष्मा नाकावर नीट बसवला.

"सांगीन ना," ती म्हणाली. "आरामात बसा. लय पानं आहेत अजून."