उजव्या नाकाची नथ

सावळीराम सोनारांना रस्ता विचारलात तर ते आधी तुमच्या बोटातली अंगठी बघतील. "ही कुणी केली?" हाच त्यांचा नमस्कार. नाशिकच्या सराफ बाजारात, भांड्यांच्या दुकानामागच्या बोळात त्यांची खोली. वय सदुसष्ट, डोळ्याला भिंग आणि तोंडात एकच वाक्य: "चाळीस वर्षांत माझा दागिना पुन्हा उकलावा लागलेला नाही." हे मी रोज सकाळी ऐकतो. त्यांच्या पत्नी छायावहिनी चहा फक्कड करतात, म्हणून ऐकून घेतो.

हातची नथ करून घेणारे आता राहिलेत कुठे? शोरूममध्ये साच्यातल्या नथा वाळवणासारख्या ओळीनं मांडलेल्या असतात. यंदाच्या लग्नसराईत सावळीरामांकडे नथ आली ती एकच. सटाण्याच्या कुसाबाई आपल्या जुन्या नथेचे मोती रुमालात बांधून घेऊन आल्या. "नातीला नवी कर. तुझ्याच हातची पाहिजे." सावळीराम त्या दिवशी दोन बोटं उंच झाले होते. नात निकिता पुण्यात नोकरीला. तिनं मापासाठी मोबाइलवर नाकाचा फोटो पाठवला.

फोटो बघून सावळीरामांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. "हिचं उजवं नाक टोचलंय!"

आपल्याकडे नथ डाव्या नाकात. मी म्हटलं, "नवरदेव हुबळीकडचा असेल. तिकडे उजवं टोचतात." मी आपला अंदाज सांगितला. संध्याकाळपर्यंत बोळानं नवरदेवाला हुबळीत डोशाचं हॉटेलही काढून दिलं.

"अहो, एक फोन करून विचारा की," छायावहिनी म्हणाल्या.

"कारागिरानं विचारायचं नसतं, बघायचं असतं!"

आठवडाभर काम चाललं. सोन्याची काडी पोलादी पट्टीच्या भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून ओढायची, असं करत तार केसाएवढी झाली. फुंकणीनं ज्योत वळवून लाल खड्याचं घर तारेला झाळून जोडलं. एकेक मोती ओवून मागून पीळ दिला. त्या वेळी शिंकायचं तर मी बोळात जाऊन शिंकत होतो.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी निकिता, कुसाबाई आणि निकिताचा मामा शेखर आले. निकितानं नथ नाकात घातली. लाल खडा गालाकडे, सोन्याची पाठ जगाकडे.

"हाई काय शे, सावळीराम?" कुसाबाई म्हणाल्या. "नथ रुसली का काय?"

"डाव्या नाकात कशाला घातलीस, पोरी? तुझं तर उजवं टोचलेलं..."

"नाही हो काका, डावंच आहे. फोटो आरशातला होता. नुसत्या फोटोत नाक नीट येईना."

सावळीरामांनी भिंग काढलं, पुसलं, पण परत लावलं नाही. छायावहिनींनी कप गोळा करता करता म्हटलं, "चाळीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे आरसा धरताय. आत कधी डोकावलात?"

"आणि मामा, ते भांडीवाले मला विचारत होते, हॉटेल चालतं का म्हणून," निकिता म्हणाली. "मुलगा तर नांदगावचा आहे. शाळेत शिकवतो."

छायावहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी?" मी रिकाम्या कपातला चहा पिऊ लागलो.

"जाऊ द्या," शेखर घड्याळ बघत म्हणाला. "दोनला गाडी निघणार. शोरूममधून तयार नथ घेऊ."

सावळीरामांचा चेहरा असा झाला की मलासुद्धा थट्टा सुचेना. यंदाची एकुलती नथ, आणि नवरी साच्यातली घालून बोहल्यावर चढणार!

"दोनपर्यंत बसा," ते म्हणाले. "साच्यातली चुकली तर वितळवण्यापलीकडे इलाज नाही. हातची उकलता येते." मग भिंग लावून म्हणाले, "उकलतो."

चाळीस वर्षांचं वाक्य माझ्यासमोर वारलं.

मोती उतरवून त्यांनी कुसाबाईंच्या ओंजळीत दिले. लाल खडा काढला, त्याचं घर सोडवून तारेच्या दुसऱ्या अंगाला झाळलं, आकड्याचा बाक फिरवला. निकिताला समोरच बसवलं होतं. दर दोन मोत्यांनी मान वर करून विचारायचे, "डावं ना?"

"डावंच, काका."

अकरा वेळा विचारलं. मी मोजलं.

पावणेदोनला नथ नाकात गेली आणि लाल खडा निकिताच्या ओठावर टपोरा लुकलुकला. शेखर घड्याळ बघायचं विसरला. कुसाबाईंनी नातीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आता शे खरी," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सावळीरामांचा मोबाइल वाजला. सेल्फी आला होता: शालू, मुंडावळ्या, हसरी निकिता. सावळीरामांनी भिंग लावलं आणि ताडकन उठले. "अगं, उजव्या नाकात! माझी चप्पल कुठंय? सटाण्याची बस किती वाजता?"

छायावहिनींनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि दुकानाच्या आरशासमोर धरला. नथ मुकाट डावीकडे गेली.

सावळीराम आरशात डोकावले. मग परत बसले आणि चहाचा घोट घेतला.

"मी ओळखलंच होतं," म्हणाले.

मी कप ठेवला आणि चप्पल घातली. ही बातमी बोळात कुणीतरी सांगायला हवी होती.