लाटसाहेबांची मडम आणि तिचा दुभाष्या

आमच्या मॅडमइतकं हट्टी, उतावीळ आणि लोभस माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरं झालं नसेल. इंग्रजांच्या ताब्यातल्या कुठल्याशा बेटावरच्या शेवटच्या गव्हर्नरची ही विधवा, खानदानी उमरावाची लेक, साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आली ती बैलांची चित्रं काढायला. गावानं तिला लगेच 'लाटसाहेबांची मडम' करून टाकलं. मी फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. गावात इंग्रजी बोलणारा तेव्हा मीच, म्हणून दुभाष्याही मीच.

बाईंचं सगळंच अजब. स्वतः उन्हात लालबुंद व्हायच्या आणि छत्री मात्र बैलावर धरायला लावायच्या. "बैल कंटाळला की चित्रही कंटाळतं," म्हणायच्या. निळा रंग संपला की जीप काढून थेट सांगलीच्या विश्रामबागेतलं रंगांचं दुकान गाठायच्या आणि येताना बैलांसाठी बिस्किटं आणायच्या. बेंदराच्या सणाला तर शिंगं रंगवायचा ब्रश त्यांनी आमच्या हातून हिसकावूनच घेतला आणि एकेका शिंगाशी अशा रमल्या की मिरवणूक वेशीत ताटकळली.

चित्र पुरं झालं की मात्र त्या ते गावापुढं धरायच्या आणि मत विचारायच्या. गव्हर्नरच्या बायकोला जन्मभर सगळे छानच म्हणत आले; आपल्याला खरंच जमतं का, एवढं ऐकायला त्या इतक्या लांब आल्या होत्या. आणि आमचं गाव भीड ठेवणारं नव्हतं. सरपंच म्हणाला, "ह्यो बैल न्हवं गड्या, शेंगांचं पोतं हाय." माझी बायको म्हणाली, "आवं, डोंगर गुळाच्या ढेपेगत झालाय, मुंग्या लागतील." बाई माझ्याकडं बघायच्या. आणि मी, मोठ्या साहेबाच्या घरचं माणूस दिसलं की आपोआप टाचा जुळवणारा, सांगायचो, "फर्स्ट क्लास म्हणतायत, मॅडम."

शेवटी त्यांनी भाकरी थापणारी माझी बायको रंगवली.  माझ्यावर चिडली की ती मान जराशी वाकडी करायची, तो सगळा राग त्या मानेत उतरला होता. बायको चित्राजवळ सरकली, म्हणाली, "व्हय, ही मीच हाय."

हे मी जसंच्या तसं, जीव तोडून सांगितलं. बाई नुसत्या हसल्या. "तुमचं गाव फार सभ्य आहे, हवालदार," म्हणाल्या, चित्र आमच्याच हाती दिलं आणि सकाळी निघून गेल्या.

बाई, गाव सभ्य नव्हतं हो. खोटं बोलणारा त्यात मी एकटा होतो.

आता बायको नाही. ती भिंतीवरच्या त्या चित्रातून, मान वाकडी करून बघत असते, आणि जेवायला बसलो की भाजीत मीठ कमी आहे म्हणायची माझी अजून छाती होत नाही.