पार्वतीबाईनं मांडलेल्या आसरा

कासुर्डीच्या माळावरच्या जुन्या बारवेत साती आसरा, पाण्यातल्या कडक देवता, राहतात, म्हणून गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे. अपवाद एकट्या पार्वतीबाईचा. देवदेवी मानणार नाही म्हणणाऱ्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली ही बाई. ती आसरांना कसली भिणार! शेळ्या घेऊन खुशाल बारवेच्या पायरीवर टेकायची. आत पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, लोंबकळतात एवढं तिला ठाऊक होतं. त्या मोलाच्या आहेत, हे मात्र पुण्याहून त्यांचा अभ्यास करायला आलेल्या समृद्धीनं सांगितलं.

"मावशी, ही वाळवंटी मुलखातली जात. इकडं फार थोडी उरलीय. आता पिल्लांचे दिवस आहेत, लक्ष ठेवाल?"

मग समृद्धीनं शाळेत सभा घेतली. आसरा-बिसरा काही नाही, पाकोळ्या रक्त पीत नाहीत, भिऊ नका, असं सांगितलं. सगळ्यांत जोरात टाळ्या पार्वतीबाईच्या. आणि व्हायचं तेच झालं. भीती गेली तशी माणसं आली. मोबाईलच्या बॅटऱ्या, शिट्ट्या, व्हिडिओ. आयांना बिलगलेली पिल्लं त्या दंग्यात निसटून पायऱ्यांवर पडू लागली. मेलेलं एक पिल्लू पदरानं उचलताना पार्वतीबाईला रडूच फुटलं.

फोनवर समृद्धीही गडबडली. "कुंपणासाठी अर्ज दिलाय, पण वेळ लागेल. मावशी, मी बोलले तेच चुकलं का हो?"

पार्वतीबाईला तरी कुठं कळत होतं? खऱ्यानं जीव जातात आणि खोट्यानं वाचतात, हा कुठला न्याय? शेवटी नाही-नाही म्हणत तिनं सात दगड धुतले, शेंदूर फासून बारवेच्या तोंडाशी मांडले, पुढं हिरव्या बांगड्या ठेवल्या. लाजेनं तिला कुणाकडं मान वर करून बघवेना. गर्दी मात्र आटली.

काही दिवसांनी ती बारवेवर गेली, तर तिची पोटुशी सून करुणा दगडांपुढं ओटी भरून हात जोडून उभी!

"अगं येडे, ते दगड मी मांडलेत!"

"ठाव हाय, आत्या. बघितलं व्हतं मी."

"मग?"

"तुमच्यासारखी बाई आपणहून दगडाला शेंदूर लावंल व्हय? त्यांनीच लावून घेतला तुमच्याकडून."

पार्वतीबाई दगडांकडं वळली. आत पिल्लं चिरकत होती, पुढं सून डोळे मिटून पुटपुटत होती. आता कुणाला वाचवायचं तेच तिला उमजेना, आणि दगड उचलायला हातही पुढं होईना.