रविवार सकाळचा मोडेम

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या हाताने मोडेम मारला. आता कोणी विचारेल, या काळात मोडेम घेऊन बसलंय कोण? मी बसलेय. ऐरोलीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे सवयी जुन्या आणि जीभ त्याहून जुनी.

हे सगळं माझ्या दादासाठी. तो कराडजवळच्या गावी असतो. लकवा मारला तेव्हा वाचा गेली आणि उजवा हातही. मोबाईल दिला तर डाव्या बोटाखाली एकदम तीन अक्षरं उमटतात. व्हिडिओ कॉल लावला तर वाकडं तोंड दिसतं म्हणून कॅमेऱ्यावर हात धरतो. फोनवर लोक त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतात, मग तो रिसीव्हर सरळ वहिनीच्या हातात कोंबतो. नवीन काही शिकवलं की संध्याकाळपर्यंत पुसून जातं. पण त्याचा जुना कॉम्प्युटर, विंडोज अठ्ठ्याण्णववाला, त्याला तोंडपाठ आहे. तसलाच माझ्याकडे, दोघांनी एकदमच घेतलेला. दर रविवारी दहाला तो त्यावरून माझा नंबर लावतो, फोनच्या तारेवर कॉम्प्युटर जोडणारे दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळतात आणि तासभर आम्ही पडद्यावर गप्पा मारतो. इंग्रजी अक्षरांत मराठी, त्याच्या एका बोटाने. अजूनही मला 'माकडे' म्हणतो.

आमच्या एक्स्चेंजात दसऱ्याला सगळ्या बोर्डांची पूजा व्हायची. सुकं हळदकुंकू आणि फूल, पाण्याचा थेंब नाही. नव्या मुलींना हे डोळे वटारून सांगायचं काम माझं. आणि घरी काय केलं, तर तांब्यात झेंडू बुडवून कॉम्प्युटरवर पाणी शिंपडलं, चालू मोडेमवरही शिंपडलं. आत फट् झालं आणि करपल्याचा वास आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, मी तर ओला पाषाण निघाले. वहिनीला फोन करून सांगितलं, "लाईट कमीजास्त झाली, मोडेम गेला. दादाला सांगा, नवा मिळेपर्यंत लावू नको म्हणावं." खरं सांगायला लाज वाटली.

वहिनी म्हणाली, "सांगितलं हो वन्सं. मान हलवली त्यांनी."

तरी रविवारी दहाला फोन वाजलाच. उचलला तर टूं, टूं. दादाचा मोडेम माझ्या मोडेमच्या उत्तराची वाट बघत होता. मिनिटभराने लाईन तुटली. पुन्हा फोन, पुन्हा टूं. असं चारदा. दादाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोजचं साधं सांगितलेलंही विसरायला लागले तर लगेच कळवा. माझ्याशी एवढं बोलणारा एकच माणूस उरलाय, तोही हळूहळू जाणार की काय, हे मनातून जाईना. भीती वाटली की मला राग येतो. "अरे दादा, मेलाय मोडेम, किती वेळा लावशील?" असं मी त्या टूं-टूंवरच खेकसले. मग म्हटलं, पलीकडे मशीनच आहे, मशीनपुढे लाज कसली. सांगून टाकलं. "मीच पाणी शिंपडलं रे. लाईटचं खोटं सांगितलं."

सोमवारी वाशीच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वायफाय घ्या ना, कशाला टेन्शन?" मी नुसतं बघितलं, तसा त्याने आत बसवायचं एक कार्ड काढलं. "बिनधास्त चालेल." नाही चाललं. ते कार्ड स्वतः काहीच करत नाही, सगळं काम कॉम्प्युटरवर ढकलतं, आणि त्याची सीडी माझ्या विंडोजला ओळखही देईना. दुसऱ्या दुकानातून छोटा यूएसबीवाला आणला, त्याचीही तीच रड. दर रविवारी दादाचा फोन येतच होता, आणि मीही उचलून बोलतच होते. सोसायटीतलं भांडण सांगितलं, बिघडलेल्या चकलीचं सांगितलं. तिसऱ्या रविवारी रडले. म्हटलं, "सगळं विसर, पण मला विसरू नकोस." लाईन तुटल्यावर पदराने रिसीव्हर पुसला.

डॉक्टरांना कळवायचं का, ते वहिनीला विचारणारच होते, तेवढ्यात एक्स्चेंजातल्या जुन्या मैत्रिणीने डोळे उघडले. म्हणाली, "अगं, मोडेमचा जुना डबा शोध. स्वतःचं काम स्वतः करणारा, वेगळ्या अडॅप्टरचा, मागे नऊ पिनांचं पोर्ट असलेला. त्याला विंडोज कुठलंही चालतं." असले डबे दुकानात कुठले. तळोज्याला कारखान्यांचं भंगार घेणारा एक जण सापडला. त्याने दोन डबे पुढे ठेवले. "ह्यो घ्या ताई, जोरात पलतंय. त्यो दुसरा लय हलू हाय, त्याला कोनी ईचारत नाय."

मी तो हळू डबाच घेतला. गावाकडची लाईन खरखरते, तिथे पळणारा मोडेम धडपडतो आणि सावकाश चालणारा पोचतो. एवढं तरी नोकरीने शिकवलं होतं.

चौथ्या रविवारी दहाला फोन वाजला. मी हात मागे बांधून बसले. डब्याने फोन घेतला, दोघे खरखरले, किंचाळले, आणि ते किंचाळणं बरोबर होतं, माझ्या कानाला कळतं. पडद्यावर एकेक अक्षर आलं. माकडे.

मी धडाधड टाईप केलं, "मोडेम बंद आहे असं वहिनीने सांगितलं होतं ना? विसरलास का?"

मग त्याचं एक बोट चालू लागलं.

"विसरलो नाही. माझ्या मोडेमच्या स्पीकरमधून तू ऐकू येतेस. ऐकायला लावत होतो."

मी कपाळाला हात लावला. आयुष्य लाईनीवर काढलं, आणि लाईन जुळेपर्यंत मोडेमचा स्पीकर चालू असतो हे ध्यानात येऊ नये? चकलीसुद्धा ऐकली होती त्याने. रडणंही. खाली आणखी एक ओळ आली, "पुढच्या दसऱ्याला सुकं कुंकू."

मी हसले, आणि रडलेही. आता दर रविवारी दहाचा पहिला फोन मी मोडेमला घेऊ देत नाही. रिसीव्हर उचलते आणि त्या टूं-टूंमध्ये मिनिटभर दादाशी बोलते. मग तो पुन्हा लावतो, तेव्हा डब्याला घेऊ देते.