माझं शिफारसपत्र मीच टाईप केलं

“स्वतंत्र विचार?” सरांनी लाल पेन उचललं. “हे कोणी लिहिलं?”

मीच लिहिलं होतं. आमच्या भौतिकशास्त्र विभागात तशीच पद्धत आहे. पीएचडीच्या अर्जासाठी शिफारसपत्र हवं असेल तर मसुदा विद्यार्थ्यानं लिहायचा. सर दुरुस्त करणार. मग विद्यार्थ्यानंच टाईप करून लेटरहेडवर काढायचा आणि सर सही करणार. कोणाला यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

केबिनमध्ये आम्ही पाच जण उभे होतो. माझ्या आधीच्या मुलानं स्वतःला “या पिढीतला दुर्मीळ विद्यार्थी” म्हटलं होतं. सरांनी न वाचताच सही केली. “बाबांना नमस्कार सांग,” एवढंच म्हणाले. माझा मसुदा मात्र मोठ्यानं वाचला. एकेक वाक्य. “स्वतंत्र विचार”वर लाल रेघ. पुढच्या अख्ख्या परिच्छेदावर आडवी फुली. वर लिहिलं: मेहनती, आज्ञाधारक, उपकरणांची नीट निगा राखते.

“असं लिहायचं असतं,” ते म्हणाले. “वाचणारा हसला नाही पाहिजे. आणि एक सांगू? तुमच्यासाठी टेक्निशियनच्या जागा असतात राखीव. आयुष्य सेट होतं. संशोधन-बिंशोधन कशाला?”

मागे कोणीतरी हसलं. आडनाव कळलं की नागपुरात पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली होती.

मग सरांचा आवाज मऊ झाला. “वडील गेले ना तुझे? अनुकंपावर काही मिळतं का बघ.”

बाबांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. ते खापरखेड्याला वीजकेंद्रात कंत्राटी कामगार होते. कंत्राटी माणसाच्या मागे अनुकंपा नसते. तरी मी “हो सर,” म्हणाले.

फुली मारलेल्या परिच्छेदात काय होतं, ते सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत पातळ थरांचे नमुने क्ष-किरणांखाली ठेवून मोजतात. आलेखावर शिखरं येतात. आमची शिखरं नेहमी थोडी सरकलेली यायची. सर म्हणायचे, थरात ताण आहे. त्यांचे लेख त्यावरच उभे होते. मला शंका आली. ताण असता तर मोठ्या कोनांना शिखरं जास्त सरकायला हवी होती. ती उलट कमी सरकत होती. आठवडाभर मी आलेख घेऊन बसले. मग नमुना काढला, होल्डरमध्ये नीट वर बसवला, पुन्हा मोजलं. शिखर जागेवर आलं. नमुना केसभर खाली बसत होता. बाकी काही नव्हतं.

हे मी त्याच रात्री बाबांना सांगितलं. जेवताना. नववीपर्यंत शिकलेले बाबा तासातासाला यंत्रांवरचे काटे वाचून रजिस्टरात लिहायचे. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“म्हणजे ताण-गिण काईच नाई. बसवनंच चुकलं वं तुह्या सरचं.”

“हो बाबा.”

“मंग सांगतलं का त्याईले?”

सांगितलं होतं. सर म्हणाले होते, “बघू.”

आयुष्यात मी स्वतः शोधून काढलेलं ते पहिलंच काही होतं. ऐकणारा माणूस गेला. आणि आता ते लाल फुलीखाली होतं.

मी विभागातल्या संगणकावर बसले आणि टाईप केलं. मेहनती. आज्ञाधारक. निगा राखते. समास नीट लावले. अक्षराचा आकार निवडला. सरांनी अपमान केला, हे मी कोणालाही सांगू शकते. पण तो मी स्वतः छापून, दोन्ही हातांनी धरून, सहीसाठी त्यांच्यापुढे नेला. हे सांगताना अजून जीभ जड होते.

सही झाली. “आता कसं व्यवस्थित झालं,” सर म्हणाले.

पत्र खरं तर त्यांनीच, जिथे अर्ज केला त्या संस्थेच्या पोर्टलवर टाकायचं. उमेदवारानं ते पाहूही नये असा नियम. पण आमच्याकडे तेही विद्यार्थीच करतात. सरांनी ईमेलचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि जेवायला गेले. मी लिंक उघडली. माझा पहिला मसुदा त्याच संगणकावर होता. सरांच्या सहीचं चित्रही होतं. दोन मिनिटांचं काम. कोणाला कळलं नसतं.

हात माऊसवर होता. मी जे खरं शोधलं, ते मला खोट्या सहीखाली लपून सांगावं लागणार होतं. मी पान बंद केलं.

सर बडीशेप चघळत आले.

“टाकलं?”

“नाही सर. मी हे टाकणार नाही.”

“का?”

“माझ्याबद्दल जे वाटतं ते तुम्ही लिहा. वाईट लिहा. पण तुम्ही टाईप करा.”

“डोकं फिरलंय का? आज शेवटची तारीख आहे.”

“माहीत आहे.”

“तुम्हा लोकांना उपकार कळत नाहीत.”

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “होल्डरमध्ये नमुना आजही खालीच बसतो सर,” म्हणाले.  

सरांनी पत्र टाकलं नाही. अर्ज बाद झाला.

घरी आई म्हणाली, “सही तं झालती ना वं? मंग काहून नाई टाकलं?”

“त्यात लिहिलं होतं, मी आज्ञाधारक आहे.”

“तू?” आई म्हणाली. “घरात तं एक गोष्ट आयकत नाईस.” बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. लगेच पदर तोंडाला लावला. “बाकीचे पोरं तं टाकतेच ना वं. तुलेच काहून जड गेलं?” 

वर्ष गेलं. मी हुडकेश्वरला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. तो दुर्मीळ विद्यार्थी बंगळुरूला पीएचडी करतो आहे. सरांचा नवा लेख आला. त्यात तोच ताण आहे.

यंदाच्या अर्जात शिफारस करणाऱ्यांची दोन नावं मागितली आहेत. एक मी पदवीच्या वेळच्या मॅडमचं दिलं. दुसरं सरांचं. मैत्रीण म्हणाली, पागल झालीस का. नाही. एमएस्सीचा प्रकल्प मी त्यांच्या हाताखाली केला, ते मी लपवणार नाही. लिंक थेट त्यांना जाईल. मसुदा जाणार नाही. त्यांनी नाकारलं तर तो नकार त्यांचा. वाईट लिहिलं तर मुलाखतीत मला विचारतील. मग मी खडू मागेन. शिखर का सरकतं ते फळ्यावर काढून दाखवीन. कोणत्या प्रयोगशाळेत, कोणाच्या नमुन्यात, तेही सांगेन. नाव घेऊन.