चार शब्द मागे

आमच्या हिला कोर्टात सगळे टकटकबाई म्हणतात. न्यायाधीश बोलतात आणि ही टाइप करते, अठ्ठावीस वर्षं हेच. तिच्या बोटांवरच आमचं घर उभं राहिलं. माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर नुसता चहा निघाला असता. आता या वयात तिची टायपिंगची परीक्षा घ्यायचं वरच्यांना सुचलं. सोमवारी परीक्षा, नापास झालात की फायलींच्या खोलीत.

शनिवारी लेक एक खेळ घेऊन आली. "आईची बोटं मोकळी होतील," म्हणाली. प्लॅस्टिकची गिटार, तिच्या मानेवर पाच रंगीत बटणं, खाली एक पट्टी. टीव्हीवर गाणं वाजतं, रंगीत ठिपके खाली सरकत येतात. ठिपका रेषेवर आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी वाजवायची. एवढंच.

हिला एकही ठिपका लागेना. पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करायला लागले. लेक हसली, मीही हसलो. ही हसली नाही. तिच्या थोरल्या भावाची बोटं आधी अशीच मंदावली, मग थरथरायला लागली. आता त्याला शर्टाची बटणंही लावता येत नाहीत.

"माझंही सुरू झालं," ती म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस." मी खेकसलोच.

रविवारी लेक तिच्या घरी गेली, तरी ही खेळतच राहिली. जेवण धड गेलं नाही. मी शेजारी बसून, धंद्याची सवय म्हणून, मनातल्या मनात मोजत होतो. ठिपका रेषा ओलांडून जाई, मग हिची पट्टी वाजे. दर वेळी तेवढाच उशीर, जरासुद्धा कमीजास्त नाही.

"अगं, थांब जरा. बिघडलेलं घड्याळ कधी पुढे पळतं, कधी मागे पडतं. तू दर वेळी तेवढीच मागे आहेस. कोर्टात कसं करतेस?"

"आधी ऐकून घेते. साहेबांच्या चार शब्द मागे राहायचं. मध्येच त्यांनी वाक्य फिरवलं तर पंचाईत."

"मग इथेही ठिपक्याचं बोलणं संपायची वाट बघतेयस, बाई माझे."

तिने गाणं पुन्हा लावलं. मग ठिपका यायच्या जरा आधी हात उचलला. लागला. पुढचाही लागला. गाणं संपेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी, आणि मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

"आण इकडे," म्हणत मी गिटार घेतली. मिरवायची खुमखुमी, दुसरं काय.

माझं गाणं संपलं तेव्हा ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं कधी पुढे जातंय, कधी मागे."

"नवखा आहे मी."

"उजवा हात बघा."

गाणं थांबलं होतं, तरी माझा अंगठा पट्टीवर आपोआप हलत होता. दुकानात बारीक स्क्रू हातून निसटायला लागून दोन महिने झाले होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिला सांगितलं.

"तुझी परीक्षा होऊ दे," मी म्हणालो, "मग बघू."

तिने माझा हात आपल्या मुठीत घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

"परीक्षा सकाळी आहे," ती म्हणाली. "डॉक्टर दुपारी असतात."