घट्टकाकू

पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात ती रबरी सुटांची मापं घ्यायची. गिऱ्हाईक "जरा सैल द्या" म्हणालं, की हिचा पारा चढलाच. म्हणून सगळे तिला घट्टकाकू म्हणत. नवरा टेलर मास्तर, उभा जन्म प्रत्येक कपड्याला दोन बोटं सैल ठेवणारा. संसार कसा झाला असेल, तुम्हीच बघा.

सुरुवातीला तिनंही नवऱ्याचं ऐकून एका पाणबुड्याला दोन बोटं सैल सूट दिला होता. तो वर आला तेव्हा गारठून त्याचे ओठ निळे पडले होते. तिथून तिनं सैल हा शब्दच टाकला.

एका संध्याकाळी घरी येते तर मास्तरांच्या मशीनवर लेकीचा नवा सूट! लेक धरणाच्या दारांची पाण्याखाली तपासणी करायची. सकाळी तिला बर्फासारख्या पाण्यात तासभर उतरायचं होतं. आणि ह्यांनी गळा उसवून त्यात चांगली चार बोटं रुंद जादा कापडाची कळी घातलेली.

"हे काय करून ठेवलंत?"

"गळा आवळत होता गं तिचा. लाल झाली होती पोर. बापाचं काळीज आहे माझं."

"काळीज आहे हो, डोकं कुठं ठेवून आलात?"

तिनं सूट उलटा केला. ह्या रबरी कापडाची शिवण आधी चिकटवतात, मग सुई निम्म्या जाडीतूनच फिरवतात. मास्तरांनी खुशाल आरपार टाके घातले होते. नुसती चाळण!

"अहो, ह्यात थोडं पाणी शिरतंच. ते आतच अडकलं तर अंगानं तापतं, तीच ऊब. गळा सैल, की तापलेलं बाहेर नि गार आत. बोटं बधिर झाल्यावर खाली अडकलेला कमरेचा दोर कोण सोडवणार? तुम्ही?"

"एवढ्याशा कळीनं काय होतंय!"

काटकुळ्या मास्तरांना तिनं तो सूट चढवायला लावला आणि फ्रिजमधली पाण्याची बाटली गळ्यात उपडी केली.

"आई गं!" मास्तर हातभर उडाले.

"आता असं तासभर."

दुकान बंद व्हायच्या आत लेकीसकट तिघं तिथं पोचली. घट्टकाकूचा राग तसाच धुमसत होता. नवऱ्याकडं बघायलाही तयार नव्हती. लेकीला तिनं दुसरा सूट चढवला, उकिडवं बसवलं, हात वर करायला लावले. मास्तर मागं उभे होते. मग हळूच त्यांनी लेकीच्या कमरेवर बोट टेकवलं.

"इथं पोकळ आहे. ह्याहून लहान काढ."

घट्टकाकूनं दाबून बघितलं. खरंच पोकळ होतं, तिच्या नजरेतून सुटलेलं. तिनं लहान मापाचा सूट काढला. तो चढवताना लेकीला घाम फुटला.

"गळा आवळतोय का गं?" मास्तरांनी विचारलं.

"आवळतोय, बाबा."

मास्तरांनी गळ्याकडं गेलेला हात मागं घेतला. "मग राहू दे तसाच."

"राहू दे म्हणे!" घट्टकाकू फणकारली. "घरी गेल्यावर आधी ती कात्री माझ्याकडं द्यायची."